मातीचं विरजण

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये माझ्या बाल्कनीतली टोमॅटोची सहाच्या सहा रोपं एका आठवड्यात गेली. गेली म्हणजे अगदी माना टाकून. मी फ्रीलान्सर. घरीच असते (आणि चेक लटकलेले असतात तेव्हा जरा जास्तच घरी असते), त्यामुळे 'अगं, ऑफिसमुळे पाणीच घालायला जमलं नाही' ही सबबसुद्धा मला नव्हती. उलट मी फारच केलं होतं. दोन हजार रुपयांच्या ग्रो बॅग्ज, कोकोपीटच्या विटा आणि वर साडेचारशे रुपयांची एक बाटली. बाटलीवर हिरवं पान आणि खाली लिहिलेलं, 'कंपोस्ट टी'. बागेसाठी चहा! म्हटलं, आपण सकाळी चहाशिवाय उठत नाही, तर टोमॅटोला का नको? दर रविवारी एक झाकण.

माझी रूममेट मूळची राजूरकडची. पुण्यात एका कंपनीत अकाउंट्सला आहे आणि झाडांच्या बाबतीत तिला शून्य इंटरेस्ट. त्या रविवारी तिने केस पुसत पुसत बाल्कनीत डोकावलं, ग्रो बॅगमधला कोकोपीटचा कोरडा ढेकूळ हातात घेऊन फोडला आणि म्हणाली, "यात जीवच नाहीये गं. तू मेलेल्या माणसाला चहा पाजतेयस."

मला राग आला. मग हसू आलं. मग तिने बोलावलं, "जूनमध्ये घरी चल. आईचा ड्रम बघ एकदा."

तर बॉस, अशी मी राजूरला गेले.

राजूर तुम्हाला माहीत असतं, फक्त तुम्ही तिथे थांबलेले नसता. संगमनेरहून अकोले, अकोल्याहून पुढे भंडारदरा, रतनगड, हरिश्चंद्रगड करणारे सगळे या गावातून जातात, पेढे घेतात आणि गाडी काढतात. (पेढे खरंच सही असतात. थांबाच.) जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालंय, पण एसटीत शेजारी बसलेले आजोबा 'नगर'च म्हणत होते. आम्ही गेलो तो वीकेंड नेमका काजव्यांचा. पुण्या-मुंबईची निम्मी आयटी भंडारदऱ्याला काजवे बघायला निघालेली, रस्त्यावर हेडलाइट्सचाच महोत्सव. आम्ही त्या गर्दीतून बाजूला, राजूरच्या अलीकडच्या एका वाडीवर उतरलो.

मैत्रिणीच्या आईला मी काकू म्हणते. काकूंनी दारातच पाय धुवायला पाणी दिलं, चहा दिला आणि ड्रमचा विषय काढल्यावर म्हणाल्या, "आधी जेव. ड्रम कुठं पळून नाय चालला."

ड्रम म्हणजे निळा, प्लॅस्टिकचा, २०० लिटरचा. आंब्याच्या सावलीत ठेवलेला, वर ओलं गोणपाट. काकूंनी गोणपाट काढलं आणि मी एक पाऊल मागे. वास म्हणजे... शेण आहे, गूळ आहे आणि कुठेतरी ताकासारखा आंबूसपणा. घाण म्हणता येणार नाही, पण अत्तरही नाही. वर बारीक फेस. काकूंनी लाकडी दांडा घेतला आणि संथपणे ढवळायला लागल्या.

हे जीवामृत. महाराष्ट्रातल्या बऱ्याच शेतकऱ्यांना आता ते तोंडपाठ आहे आणि त्याचं श्रेय मुख्यतः विदर्भातल्या सुभाष पाळेकरांना जातं. 'झीरो बजेट' शेतीचा फंडा त्यांनी गावोगावी शिबिरं घेऊन पोचवला, २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. कृती अशी: २०० लिटर पाणी, १० किलो ताजं शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, एक-दोन किलो गूळ, एक-दोन किलो डाळीचं पीठ आणि बांधावरची मूठभर माती. सावलीत ४८ तास. दिवसातून दोनदा ढवळायचं. एका एकराला एक ड्रम, पाण्याबरोबर सोडायचं आणि आठवड्याभरात संपवायचं.

मी पत्रकार, त्यामुळे वही काढून सगळं लिहून घेतलं. मग शहरी माणूस जो प्रश्न विचारतो तो विचारला, "काकू, म्हणजे हे खत ना?"

काकू ढवळायच्या थांबल्या. "खत? खत ते तिकडं हाय," त्यांनी उकिरड्याकडे दांडा केला. "हे विरजण हाय. तू दही लावतीस ना? चमच्याभर विरजणानं पोट भरतं का? दूध लागतं. दूधच नाय आन् नुसतं विरजण वतीत बसली तर काय व्हईल?"

काय होईल? माझ्या बाल्कनीत झालं ते होईल.

आता हे मला एका वाक्यात पटलं, पण सवयीप्रमाणे मी रात्री मोबाइलवर हिशोब मांडला. ताज्या शेणात नत्र फार तर अर्धा टक्का, म्हणजे १० किलोत जास्तीत जास्त ५० ग्रॅम. गोमूत्राचं धरा १०० ग्रॅम. डाळीच्या पिठाचं साठ-सत्तर. अख्ख्या ड्रममध्ये पाव किलोच्या आत. भाताच्या एका एकराला सुमारे ४० किलो नत्र लागतं असं शिफारशी सांगतात, आणि युरियाच्या ४५ किलोच्या एका पोत्यात ते २० किलोच्या वर असतं. म्हणजे ड्रमभर जीवामृत 'जेवण' म्हणून घातलं, तर ते जेवण नाही, बडीशेप आहे!

मग काम कोण करतं? ती मूठभर माती. चमचाभर चांगल्या मातीत १० कोटी ते १ अब्ज जिवाणू असतात, शिवाय बुरशीचे धागे, त्यांना खाणारे आणखी बारके जीव. ही मंडळी पाला, मुळं, शेणखत असं सगळं कुजवतात आणि त्यात अडकून पडलेलं अन्न झाडाला घेता येईल अशा रूपात मोकळं करतात. ड्रममधला गूळ त्यांचा झटपट खाऊ, पीठ त्यांचं प्रोटीन. दोन दिवसांत त्यांची संख्या वाढते. पण शेतात उतरल्यावर त्यांना खायला काहीतरी हवं ना? कोकोपीट म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा. पाणी छान धरतं, पण त्यात अन्न जवळजवळ नाहीच, आणि ते कुजतंही फार हळू. मी त्यात दर रविवारी पाहुणे पाठवत होते. घरात पीठ नाही, मीठ नाही.

(त्या बाटलीबद्दल नंतर कळलं ते आणखी मजेशीर. खरा कंपोस्ट टी ताजा वापरायचा असतो. त्यातल्या जिवांना हवा लागते. झाकण लावून महिनोन्महिने गोदामात पडलेल्या बाटलीत नेमकं कोण जिवंत उरलं होतं, हे त्या बाटलीलाच माहीत.)

दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंनी शेत दाखवलं. तिथे मला ड्रमपेक्षा मोठी गोष्ट सापडली.

या डोंगरपट्ट्यात भाताची रोपं टाकण्याआधी 'राब' भाजायची पद्धत आहे. झाडांच्या फांद्या तोडायच्या, पाला, गवत, शेण वाफ्यावर पसरायचं आणि उन्हाळ्यात पेटवून द्यायचं. तणाचं बी जळतं, राख मिळते, रोपं तरारून येतात. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली गोष्ट आहे, तिला शहरातून येऊन नाक मुरडण्याचा मला अधिकार नाही. पण आगीत पालाही जातो आणि वरच्या थरातले जीवही. काकूंनी दहा गुंठ्यांच्या एका तुकड्यात चार वर्षांपासून राब भाजणं बंद केलंय. तोच पाला न जाळता पसरतात, वर शेणखत, वर जीवामृताचा शिडकावा, आणि पाऊस यायच्या आधी दोन-तीन आठवडे तसंच झाकून ठेवतात. म्हणजे पेरणीआधी माती तयार करायची. आधी तिला जेवायला वाढायचं, मग विरजण लावायचं, मग बी.

काकूंनी दोन मुठी माती आणून माझ्या दोन हातांत दिल्या. डावीकडे बाकीच्या शेतातली, उजवीकडे दहा गुंठ्यांतली. डावीकडची ढेकूळ होती, दाबली की पीठ व्हायची. उजवीकडची रव्यासारखी दाणेदार, गार, आणि वास... पहिल्या पावसाचा. मी त्या मुठीत बोट घातलं तर गांडूळ निघालं. मी किंचाळले. मैत्रिणीने त्याचा व्हिडिओ काढला. तो आमच्या ग्रुपवर आहे, मागू नका.

"पहिल्या वर्षी काय झालं ते बी लिव्ह," काकू म्हणाल्या. पहिल्या वर्षी त्या तुकड्यात भात कमी झाला. चांगलाच कमी. दुसऱ्या वर्षीही शेजारच्या युरियाच्या वाफ्यापेक्षा मागेच. तिसऱ्या वर्षी बरोबरीला आला. आणि म्हणूनच तो तुकडा दहा गुंठेच आहे, पूर्ण शेत नाही. काका शांतपणे म्हणाले, "पोरीच्या कॉलेजची फी त्या ड्रमातून नाही निघाली. युरियावरच्या भातातून निघाली." मैत्रीण ताटाकडे बघत होती. तिच्याच फीबद्दल चाललं होतं.

आमच्या पेजेसवर हे सहसा येत नाही, म्हणून मुद्दाम लिहितेय. आपल्याला ऑरगॅनिक म्हणजे मॉलमधलं छान पॅकिंग. इथे ऑरगॅनिक म्हणजे दोन वर्षं कमी भात. शास्त्रज्ञांचंही एकमत नाही. २०१९ च्या बजेटच्या भाषणात झीरो बजेट शेतीचा उल्लेख झाला, आणि त्याच वर्षी राष्ट्रीय कृषी विज्ञान अकादमीने पुरेशा पुराव्याशिवाय ती देशभर नेण्याला जाहीर आक्षेप घेतला. पाश्चात्त्य पद्धतीच्या कंपोस्ट टीचंही तसंच. काही प्रयोगांत रोग कमी झाले, मुळं वाढली. काहींत साधं कंपोस्ट आणि पाणी दिलेल्या झाडांइतकाच निकाल. माझं मत विचाराल तर, चहाच्या नावाने चाललेली निम्मी भांडणं 'दूध होतं का?' हे न विचारताच चालली आहेत. पण हे माझं मत झालं, अकादमीचं नव्हे.

या तालुक्याला सेंद्रिय वगैरे शब्द शिकवायला कोणी बाहेरून यायची गरज नाही, हेही खरं. कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे इथल्याच. शाळेची पायरी न चढलेल्या या बाईंनी घरात गावरान बियांची बँक उभी केली, 'बायफ' संस्थेची साथ मिळाली आणि २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली. काकूंच्या परसातल्या वालाचं बी तिकडूनच फिरत फिरत आलेलं. गावरान बियाण्याला भारी खताचा डोस सोसतही नाही आणि लागतही नाही, असं काकूंचं म्हणणं. त्याला त्याची ओळखीची माती हवी.

दुपारी भाकरी, वालाची आमटी आणि नंतर वाद.

वाद गाईवरून. काकूंच्या गोठ्यात दोन डांगी गाई. डांगी ही याच पट्ट्यातली, अकोले-इगतपुरीकडची जात. काळे-पांढरे ठिपके, आणि अंगातून तेलकट द्रव सुटतो म्हणून धो धो पावसातही चिखलणीला उभी राहणारी. राजूरला डांगी जनावरांचं मोठं प्रदर्शन भरतं, लोक लांबून बघायला येतात. पण दूध? फार नाही. मैत्रिणीचा भाऊ, दादा, म्हणाला, "चिखलणी आता पॉवर टिलरवर होते. चारायला कोण जाणार? मी नोकरीला, बाबांचे गुडघे गेलेत. दोन गाई कशासाठी सांभाळायच्या? शेणासाठी?"

"शेणासाठीच," काकू म्हणाल्या.

कोणी काही बोललं नाही. मी ताटातली भाकरी उगाच मोडत बसले. ड्रमची ती सगळी सोपी रेसिपी, 'शून्य खर्च' वगैरे, एका गृहीतकावर उभी आहे: गोठ्यात गाय आहे. आणि गाय उभी आहे ती काकूंच्या रोजच्या दोन तासांवर. चारा, पाणी, शेण. हे दोन तास कुठल्याच बजेटमध्ये कोणी मोजत नाही, म्हणून ते झीरो. दादा दुष्ट नाहीये हो. तो हिशोब बरोबरच करत होता. फक्त त्याच्या हिशोबात दहा गुंठ्यांतली ती गार माती कुठल्या कॉलममध्ये लिहायची, ते त्याला कळत नव्हतं. मलाही कळलं नाही.

"दिवाळीनंतर बघू," काका म्हणाले. विषय संपला.

पुण्याला परतताना एसटीत माझ्या मांडीवर पेढ्यांचा बॉक्स आणि पायाशी दोन किलो माती. काकूंनी जुन्या साखरेच्या पिशवीत बांधून दिलेली. "विरजण हाय," एवढंच म्हणाल्या. पण दूध पुण्यात कुठून आणायचं? तिसऱ्या मजल्यावर गाय? (ऑनलाइन गोवऱ्या मिळतात. मी बघितल्या. किंमत बघून बंद केलं.)

शहरात गाय नसते, हा प्रश्न माझ्या आधी मुंबईत सुटलेला होता. कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर, पेशाने गणिताचे प्राध्यापक, यांनी 'प्रयोग परिवार' उभा केला आणि माणसाने आपल्या हाताने, पालापाचोळ्यातून माती तयार करायची हा विचार घराघरांत नेला. त्याच वाटेने प्रीती पाटील यांनी तेव्हाच्या मुंबई पोर्ट ट्रस्टच्या कॅन्टीनच्या गच्चीवर बाग केली. कॅन्टीनमधला ओला कचरा आणि सुका पाला, त्याचीच माती, त्यातच झाडं. गोदीतल्या सिमेंटच्या गच्चीवर! आणि त्याही आधी, १९३१ मध्ये, इंदूरला अल्बर्ट हॉवर्ड आणि आपले यशवंत वाड या दोघांनी मिळून शेतातल्या टाकाऊ मालाचं खत करण्यावर पुस्तक लिहिलं होतं. जगभर 'इंदूर पद्धत' म्हणून गाजली ती. त्यातलं वाडांचं नाव बहुतेक लोक विसरतात, म्हणून इथे लिहून ठेवते.

थोडक्यात, शहरातलं दूध म्हणजे सुका पाला. तो आपण जाळतो. आमच्या सोसायटीतसुद्धा झाडूवाले मामा सकाळी कोपऱ्यात ढीग करून काडी लावायचे. पुण्यात अदिती देवधर यांनी २०१६ मध्ये 'ब्राऊन लीफ' सुरू केलं ते याच कारणाने. ज्यांच्याकडे पाला जास्त आहे त्यांची गाठ ज्यांना हवाय त्यांच्याशी घालून द्यायची. माझ्यासाठी गाठ सोपी होती. मामांना म्हटलं, "जाळू नका, मला द्या." त्यांनी आधी माझ्याकडे आणि मग सेक्रेटरींच्या खिडकीकडे बघितलं. पण दिला. चार पोती!

मग मी काय केलं ते सांगते, कारण मेल्स त्याच येणार आहेत.

जुनं कोकोपीट फेकलं नाही. एक भाग ते, दोन भाग हाताने चुरलेला पाला, एक भाग ओळखीच्या नर्सरीतलं नीट मुरलेलं गांडूळखत आणि काकूंची मूठ मूठ माती. थरावर थर, ग्रो बॅग पाऊण भरेल इतकं. आता चहा. २० लिटरची बादली, त्यात १५ लिटर पाणी रात्रभर उघडं ठेवलेलं. का? नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, आणि ते असतंच मुळी जंतू मारायला. रात्रीत बरंचसं उडून जातं. जुन्या सुती ओढणीच्या पुरचुंडीत एक किलोभर गांडूळखत बांधून पाण्यात सोडलं, तळाशी फिश टँकचा पंप. २४ तास बुडबुडे. पंप बंद केला की त्यातली हवा झपाट्याने संपते, म्हणून लगेच, त्याच सकाळी, मातीवर ओतायचं. पाणी चहाच्या रंगाचं होतं आणि वास जंगलात पाऊस पडल्यासारखा. सडका वास आला तर समजायचं की आत हवा न लागणाऱ्या मंडळींचं राज्य आलंय. ते झाडांना घालायचं नाही. मोह नको, ओतून टाका. माझी पहिली बादली अशीच गेली, कारण रात्री लाइट गेले आणि पंप बंद पडला. खालच्या मजल्यावरच्या काकांनी सकाळी बेल वाजवून विचारलं, "ड्रेनेज तुंबलंय का हो?"

दुसऱ्या बादलीचं पाणी थरांवर ओतलं, वरून पाल्याची जाड गोधडी घातली आणि तीन आठवडे काही लावलं नाही. हे सगळ्यात कठीण, सांगते. रिकाम्या कुंडीकडे बघत बसायचं. दर आठवड्याला एकदा चहा, मध्ये एकदा खालीवर. पहिल्या आठवड्यात माती हाताला कोमट लागली, मग गार झाली. गार झाल्यावर लावायचं. कोमट मातीत रोप शिजतं.

एक गोष्ट मात्र मस्करीची नाही. मी गूळ घातला नाही, आणि ताजं शेण तर नाहीच. अमेरिकेत राष्ट्रीय सेंद्रिय मानक मंडळाच्या खास गटाने २००४ मध्ये कंपोस्ट टीवर अहवाल दिला, त्यात गूळ-मळीसारखे गोड पदार्थ घालण्याबद्दल सावध केलं होतं. कारण सरळ आहे. गोड पाण्यात चांगले जिवाणू वाढतात, तसे ई. कोलायसारखे पोट बिघडवणारेही वाढू शकतात. कच्च्या शेणखताबद्दल तिथल्या सेंद्रिय नियमांत तर अंतरच ठरलेलं आहे: खायचा भाग मातीला लागत असेल तर काढणीच्या १२० दिवस आधी, नसेल लागत तर ९० दिवस. काकूंचं जीवामृत भाताच्या मुळाशी जातं, तो भात चार महिन्यांनी निघतो आणि शिजवून खाल्ला जातो. माझी कोथिंबीर महिन्या-दीड महिन्यात तयार होते आणि कच्ची भेळेवर पडते. एकच रेसिपी दोन्हीकडे चालत नाही. म्हणून चहा पानांवर फवारायचा नाही, फक्त मातीत, तोही बी टाकायच्या आधी. एका बाल्कनीवाल्या मैत्रिणीला मी हे सांगितलं तर म्हणाली, "नॅचरल आहे ना, मग काय होतंय?" कॉलरासुद्धा नॅचरलच आहे यार.

निकाल? ऑगस्टमध्ये मेथी आली. इन्स्टाला टाकण्यासारखी नव्हती, पण दोन वेळा भाजी झाली. एका बॅगेत पाल्याखाली पांढरे बुरशीचे धागे दिसले आणि मी घाबरून काकूंना फोटो पाठवला. उत्तर आलं, "लागलं दही." टोमॅटो चार लावले, दोन फळले, एकावर पांढरी माशी पडली, एक कबुतरांनी उपटलं. बाटलीवरच्या पानाने जे आश्वासन दिलं होतं, त्याच्या जवळपासही नाही. पण ढेकूळ हातात घेतलं की आता ते पीठ होत नाही. आणि खत विकत घेतलंय ते फक्त त्या पहिल्या वेळचं गांडूळखत. सेक्रेटरींनी पाला जाळायला मनाई केलीय, माझ्यामुळे नव्हे, धुराने त्यांच्या नातवाला खोकला झाला म्हणून. चालेल.

दिवाळी झाली. रूममेटला मी दर फोननंतर विचारायचे, गाय? "अजून आहे." 'दिवाळीनंतर बघू'चं आता 'शिमग्यानंतर बघू' झालंय. एक व्यापारी येऊन बघून गेला म्हणे. काकूंनी त्याला चहा दिला आणि भाव सांगायच्या आतच गोठ्यात निघून गेल्या. दादा चिडला, पण त्याने यंदा राबासाठी फांद्या तोडल्या नाहीत असंही कळलं. कंटाळा केला की ऐकलं, त्याचं त्यालाच माहीत. दहा गुंठ्यांचे पंधरा होतील का, यावर घरात बोलणी चालू आहेत, आणि काका अजून 'हो' म्हणालेले नाहीत.

परवा काकूंचा थेट मला फोन. पुढच्या महिन्यात मी चाललेय तर एक काम आहे म्हणाल्या. मी म्हटलं, काय आणू, साडी, औषधं?

"निळा ड्रम. झाकणाचा. तिकडं पुण्यात स्वस्त मिळतो म्हणं. आन् एसटीवाला नाय म्हणला तर त्याला सांग, रिकामा हाय."